कर्लिंग खेळताना डोकं आपटलं तर? हौशी खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्लिंग म्हणजे बर्फाच्या लांब पट्टीवर (शीटवर) जड दगड (स्टोन) घसरवत समोरच्या टोकाच्या वर्तुळात (हाऊसमध्ये) पोहोचवायचा खेळ; टीममधले दोघं स्टोनपुढचा बर्फ ब्रशने घासत जातात, त्याला स्वीप करणं म्हणतात. नवीन लोकांना पहिल्यांदा बर्फावर उतरवायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि दर सीझनला तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाहीये. प्रथमोपचाराचं ट्रेनिंग, खेळातल्या कन्कशनबद्दल (डोक्याला हिसका बसून मेंदूचं काम बिघडण्याबद्दल) तज्ज्ञांनी ठरवलेली मार्गदर्शक तत्त्वं आणि बर्फावर डोळ्यांनी पाहिलेलं, एवढ्यावर हे लिहिलंय. शंका आली तर डॉक्टरच गाठा.

कर्लिंग तर किती शांत खेळ आहे, यात डोक्याला काय लागणार?

हाच तर प्रॉब्लेम आहे. रग्बी किंवा आइस हॉकी खेळणाऱ्याला आधीपासून माहीत असतं की मार लागणार, त्यामुळे सगळेच सावध असतात. कर्लिंगमध्ये कोणी कोणाला धडक देत नाही, आजोबा-आजी खेळतात, दहा वर्षांची पोरं खेळतात, आणि खाली काय आहे हेच आपण विसरतो. खाली आहे उणे ५ डिग्रीच्या आसपासचा टणक बर्फ, त्यावर पाण्याचे थेंब मारून मुद्दाम केलेला दाणेदार थर, आणि आपल्या एका पायात मुद्दाम घसरण्यासाठी बनवलेला बूट (त्याचा गुळगुळीत तळ म्हणजे स्लायडर, आणि पकड देणारा रबरी तळ म्हणजे ग्रिपर).

साधा हिशोब बघा. उभ्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड-पावणेदोन मीटरवर असतं. पाय पुढे सटकले आणि हात टेकायला वेळच मिळाला नाही तर ते डोकं ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेगाने बर्फावर आदळतं. भिंतीकडे सायकलवरून जाऊन डोकं आपटण्यासारखंच आहे हे, फक्त इथे सायकल नसते म्हणून कोणाला भीती वाटत नाही. २०१५ मध्ये कॅनडात हौशी कर्लिंगच्या दुखापतींवर एक अभ्यास छापून आला, त्याचं म्हणणंच हे होतं की या खेळात डोक्याच्या दुखापती होतात आणि योग्य पादत्राणं वापरली तर त्या टाळता येऊ शकतात.

लोक नेमके पडतात कसे?

मी पाहिलेल्यात सगळ्यात जास्त वेळा माणूस मागे पडतो. पुढे पडलात तर हात, गुडघे, ब्रश असं काहीतरी आधी टेकतं, मागे पडलात तर कंबर आणि मग थेट डोक्याची मागची बाजू. आणि हे स्टोन टाकताना फार कमी होतं, कारण हॅकमधून (पाय रोवायच्या आधारातून) निघताना माणूस आधीच खाली बसलेला असतो. होतं ते त्या आधी किंवा नंतर, म्हणजे नुसतं चालताना, वळताना, उभं राहताना, टाळी द्यायला हात वर करताना.

काही प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतात. नवा माणूस स्लायडर लावलेला पाय आधी बर्फावर ठेवतो, अंगाचा भार त्यावर येतो आणि पाय निघून जातो. लक्षात ठेवायला सोपं आहे, बर्फावर जाताना आधी ग्रिपरचा पाय, बाहेर येताना आधी स्लायडरचा पाय, म्हणजे बर्फावर भार कायम ग्रिपरवरच राहतो. दुसरं म्हणजे टाकून झाल्यावर स्लायडरवर तसंच उभं राहून आपला स्टोन कुठे चाललाय बघत बसणं. तिसरं, स्वीप करणारे दोघं स्टोनकडे बघत पळत असतात आणि हाऊसमध्ये आधीच थांबलेला एखादा स्टोन पायात येतो. ब्रशवर सगळं वजन टाकलेलं असताना ब्रश सटकला तर तोंडावर पडायला होतं, तेही मी पाहिलंय. आणि स्किप (कॅप्टन) लोकांनी राग मानू नका, पण हाऊसमध्ये मागे मागे चालत लाइन (स्टोनची वाट) बघायची सवय तुमचीच, पाठीमागे स्टोन आहे का हे कोण बघणार?

स्टोन अंगावर येऊन लागतो का?

पायाला लागतो, आणि पाय गेले की डोकं जातंच. स्टोन १७ ते २० किलोचा असतो. टेकआऊट म्हणून (समोरच्यांचा स्टोन उडवायला) मारलेला स्टोन दोन हॉग लाइनमधलं (शीटवरच्या दोन आडव्या रेषांमधलं) ७२ फुटांचं अंतर आठ-दहा सेकंदांत कापतो, आणि धडकेनंतर उडालेले स्टोन कुठल्या कुठे जातात. चालता स्टोन पायाने अडवायचा नाही, त्यावरून उडी मारायची नाही, आणि जोरात मारलेला टेकआऊट येत असेल तर हाऊसमध्ये गप्पा मारत उभं राहायचं नाही. आपल्या शीटवरचा स्टोन शेजारच्या शीटवर चालला तर आधी ओरडा, मग बाकीचं.

कन्कशन म्हणजे नक्की काय?

मेंदूला बसलेला मुका मार समजा. डोक्याला किंवा मानेला किंवा अंगाला असा हिसका बसतो की कवटीच्या आत मेंदू हलतो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. बाहेरून जखम दिसेलच असं नाही. डोकं दुखणं, जड वाटणं, गरगरणं, मळमळ, उजेड किंवा आवाज सहन न होणं, धूसर दिसणं, बोलताना शब्द न सापडणं, नुकतंच घडलेलं न आठवणं, चिडचिड, उगाच रडू येणं, झोपाळल्यासारखं वाटणं, यातलं काहीही एक असलं तरी पुरे. सगळी लक्षणं एकदम यायला हवीत असं नाही, आणि लगेच यायला हवीत असंही नाही, कधी काही तासांनी येतात, कधी दुसऱ्या दिवशी.

बेशुद्ध पडला नाही म्हणजे कन्कशन नाही ना?

नाही, हा सगळ्यात घातक गैरसमज आहे. बहुतेक कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्यातला एक जण, चांगला खेळणारा, तिसऱ्या एंडला (डावाला) स्टोन टाकून उठला आणि ब्रश घ्यायला वळताना मागे पडला. आवाज मला दोन शीट पलीकडे ऐकू आला, नारळ फरशीवर आपटल्यासारखा. तो लगेच उठून बसला, हसला, हात वर करून ठीक आहे म्हणाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि खेळ चालू झाला. पुढच्या एंडला त्याने मला विचारलं, हॅमर (एंडचा शेवटचा स्टोन) कोणाकडे आहे? मी सांगितलं. दोन मिनिटांनी परत विचारलं. मग तिसऱ्यांदा, अगदी त्याच शब्दांत, त्याच स्वरात, जणू पहिल्यांदाच विचारतोय. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याला बाहेर बसवलं तर स्वतःच्या डाव्या बुटावरचा ग्रिपर काढायचा कसा हे त्याला सुधरत नव्हतं, नुसता हातात पाय धरून बसला होता. तो पुढे बरा झाला, पण तो मधला सगळा वेळ आम्ही त्याला बर्फावर पळवत होतो हे मी विसरू शकत नाही. तेव्हापासून कोणी पडून हसत उठला की मी टाळ्या वाजवत नाही, जाऊन त्याच्याशी बोलतो.

डोक्याला टेंगूळच आलं नाही, मग?

टेंगूळ येणं न येणं याचा मेंदूशी संबंध नाही. डोकं न आपटता नुसतं ढुंगणावर जोरात पडून मानेला हिसका बसला तरी कन्कशन होऊ शकतं.

कोणी पडला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

आधी खेळ थांबवा, फक्त तुमच्याच शीटवरचा नाही तर दोन्ही बाजूंच्या शीटवरचाही, कारण पडलेल्या माणसाजवळ चार जण धावत येणार आणि त्यांच्या पायात शेजारचा स्टोन आला तर अजून एक जण पडणार. मदतीला धावू नका, चालत जा. दोन्ही पायांत ग्रिपर असलेल्यानेच पुढे व्हावं.

मग माणसाला उचलायची घाई अजिबात करू नका. आपल्याकडे कोणी पडला की काखेत हात घालून उभं करायची सवय असते, ती इथे सोडा. मान दुखतेय का, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, हातपाय हलवता येतात का हे विचारा. यातल्या कशालाही हो आलं, किंवा माणूस नीट उत्तरच देत नसेल, तर मानेलाही लागलंय असं धरून चाला. डोकं आणि मान जसं आहे तसंच स्थिर धरा, हलवू नका, आणि अँब्युलन्स बोलवा. एवढ्या थंडीत पडून राहणं वाईटच, म्हणून अंगावर जॅकेट, ब्लँकेट जे मिळेल ते घाला, पण ते खाली सरकवायच्या नादात त्याला कुशीवर वळवू नका. श्वास थांबला किंवा उलटीने गुदमरायला लागला तर गोष्ट वेगळी, तेव्हा श्वास आधी.

मानेचं काही वाटत नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर त्याला स्वतःला हळूहळू बसू द्या, मग दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून बर्फाच्या बाहेर आणा. स्लायडर आधी काढा किंवा त्यावर ग्रिपर चढवा, हे नेमकं सगळे विसरतात आणि बिचारा बाहेर जाताना पुन्हा घसरतो.

कोणती लक्षणं दिसली की थेट हॉस्पिटल?

शुद्ध हरपणं, मग ती काही क्षणच का हरपेना. फिट येणं. उलटी. डोकेदुखी खूप असणं किंवा वाढत जाणं. दोन दोन दिसणं किंवा दिसेनासं होणं. हातापायात अशक्तपणा, मुंग्या, आग. मान दुखणं किंवा दाबल्यावर दुखणं. बोबडं बोलणं, गोंधळ वाढत जाणं, अचानक भांडखोर किंवा अस्वस्थ होणं. झोपेतून जागं करता न येणं. कवटीला खोक किंवा खड्डा दिसणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त येणं. यात थोडं थांबून बघू असं काही नसतं, लगेच निघा. आणि पडल्यावर तासाभराने किंवा रात्री घरी गेल्यावर यातलं काही सुरू झालं तरी तोच नियम.

साधा माणूस कन्कशन ओळखणार कसं, काही चाचणी आहे का?

डॉक्टर नसलेल्यांसाठी कन्कशन ओळखायचं एक छोटं कार्ड आहे, सीआरटी ६ नावाचं. खेळातल्या कन्कशनवर २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले, त्यातलंच हे कार्ड. त्यात लक्षणांची यादी आहे आणि आठवण तपासायचे साधे प्रश्न आहेत. मी ते आमच्या खेळाला लावून असे विचारतो: आपण आत्ता कुठे आहोत? कितवा एंड चालू आहे? गेल्या एंडला पॉइंट कोणाला मिळाले? मागची मॅच कोणाशी होती, जिंकलो का हरलो? आज तारीख काय असले प्रश्न विचारू नका, ते धडधाकट माणसालाही पटकन येत नाहीत.

पण एक लक्षात घ्या, सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून कन्कशन नाही असं होत नाही. हे प्रश्न माणसाला बाहेर काढायला आहेत, परत आत पाठवायला नाहीत.

तो म्हणतोय मी ठीक आहे, दोनच एंड राहिलेत. खेळू द्यायचं का?

नाही. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत बर्फावर नाही. स्कॉटलंड म्हणजे या खेळाचं माहेरघर, तिथे २०१५ पासून सगळ्याच खेळांना एकच नियम लावलाय की शंका असेल तर बाहेर बसवा. ठरवणारा तो नाही, कारण ज्या मेंदूने ठरवायचं त्यालाच मार लागलाय.

टीम अडचणीत येईल हे कारण तर मुळीच चालणार नाही, कर्लिंगमध्ये चौघांऐवजी तिघांनी खेळता येतं. पहिले दोघं तीन तीन स्टोन टाकतात आणि तिसरा दोन, टीमचे एंडचे आठ पूर्ण होतात. नियमातच सोय आहे. मैत्रीच्या मॅचमध्ये तर समोरची टीमच म्हणते, जाऊ दे, थांबूया.

परत खेळवण्यात धोका काय, तर एक म्हणजे तोल गेलेला असतो, प्रतिक्रिया मंद असते, त्यामुळे तो पुन्हा पडायची शक्यता जास्त. आणि मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित पण जीवघेणी सूज येऊ शकते, तरुण मुलांमध्ये विशेष. कॅनडात रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये रग्बी खेळताना अशीच गेली, थोड्या दिवसांत एकापाठोपाठ डोक्याला मार बसले होते. तिच्या नावाने ओंटारियोमध्ये २०१८ मध्ये कायदा झाला. खेळ वेगळा असला तरी मेंदू तोच.

मॅचनंतर सगळे एकत्र बसतात, त्याने एखादा ग्लास घेतला तर?

कर्लिंगची ही रीत मला फार आवडते, जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं, दोन्ही टीम एका टेबलावर. पण ज्याचं डोकं आपटलंय त्याने त्या दिवशी दारूला हात लावायचा नाही. दारूने लक्षणं झाकली जातात, जीभ जड झाली ती बिअरमुळे का मेंदूतल्या रक्तस्रावामुळे हे कोणाला कळणार? त्याला टेबलावर जरूर बसवा, साधं पाणी किंवा सूप द्या, आणि एकाने त्याच्यावर लक्ष ठेवा.

गाडी चालवून घरी जाऊ देऊ नका. एकट्यालाही सोडू नका, निदान पहिले काही तास तरी, आणि रात्री घरात कोणीतरी असावं. दुखतंय म्हणून स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, आत रक्तस्राव असेल तर ते वाढवू शकतात, गोळी कुठली घ्यायची हे डॉक्टरांना विचारा.

कन्कशन झालेल्याला झोपू द्यायचं नाही म्हणतात, खरं का?

जुनी समजूत आहे. तपासून झालंय, वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नाहीत, माणूस नीट बोलतोय, तर झोपू द्या, झोप मेंदूला हवीच असते. डॉक्टरांनी रात्रीतून उठवून बघायला सांगितलं असेल तर तसं करा.

सीटी स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही झालं नाही?

सीटी स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधायला असतो. कन्कशनमध्ये बिघाड कामात असतो, रचनेत दिसेलच असं नाही, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ येऊनही कन्कशन असू शकतं. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून दोन दिवसांनी लीगच्या मॅचला उभे राहणारे मी बघितलेत, कृपा करून असं करू नका.

अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं का?

नाही, तेही आता जुनं झालं. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष आराम, म्हणजे घरातली रोजची हलकी कामं, थोडं चालणं चालतं, पण मोबाईल-टीव्ही कमी आणि डोक्याला ताण कमी. त्यानंतर हळूहळू चालणं वाढवायचं. हालचाल करताना लक्षणं थोडी वाढली तर घाबरायचं नाही, शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दोनपेक्षा जास्त वाढली तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचं. बहुतेक मोठी माणसं दोन ते चार आठवड्यांत बरी होतात. चार आठवडे उलटूनही त्रास असेल तर कन्कशन बघणाऱ्या डॉक्टरांकडेच जा, अंगावर काढू नका.

परत बर्फावर कधी जायचं?

इथे कर्लिंगवाल्यांची फसगत होते म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या निष्कर्षांत खेळात परतायच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. पहिली रोजची कामं, दुसरी चालणं किंवा जागेवरची सायकल असा हलका आणि मग मध्यम व्यायाम, तिसरी खेळाशी संबंधित पण एकट्याने करायचा सराव, चौथी डोक्याला धक्का न लागणारा जरा अवघड सराव, पाचवी पूर्ण सराव, सहावी मॅच. चौथ्या पायरीच्या आधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी.

आता आमची मंडळी काय करतात, तिसऱ्या पायरीला म्हणतात की मी एकटाच जाऊन चार स्टोन टाकून येतो, त्यात कोण धडकणार आहे. पण कर्लिंगमध्ये धक्का देणारा समोरचा खेळाडू नसतोच, बर्फच असतो! त्याच मार्गदर्शनात असं म्हटलंय की तिसऱ्या पायरीच्या सरावात चुकून डोकं आपटायची शक्यता असेल तर परवानगी तिच्याही आधी घ्यावी. म्हणून माझं स्पष्ट मत, कर्लिंगसाठी नियम एकच धरा: डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय बर्फावर पाऊलच ठेवायचं नाही, रिकाम्या शीटवरही नाही, कोचिंग करायलाही नाही. तिसरी पायरी घरात करता येते, सतरंजीवर ब्रशचा दाब देऊन स्वीपिंगची पोझ धरा, हॅकमधून निघताना बसतो तसं बसून उठा, उठताना गरगरतंय का बघा. गरगरलं तर बर्फाचं नावच काढू नका.

परवानगी मिळाल्यावर आधी दोन्ही पायांत ग्रिपर घालून नुसतं चालणं, मग हळू टाकणं, आणि स्वीपिंग सगळ्यात शेवटी. कारण स्वीपिंगमध्ये डोकं खाली, नाडी एकदम वर, अंगाचं वजन ब्रशवर आणि पाय घसरत्या जागेवर, सगळं एकत्र येतं. मधल्या काळात लीड किंवा सेकंडने (पहिल्या-दुसऱ्या क्रमाने टाकणाऱ्याने) स्वीपिंग न करता फक्त टाकायचं असं टीमशी आधीच बोलून ठेवा.

ब्रिटनमध्ये हौशी खेळांसाठी २०२३ मध्ये आलेल्या मार्गदर्शनात कन्कशननंतर २१ दिवसांच्या आत मॅच नाहीच असं सांगितलंय. लीगच्या तीन-चार मॅच जातील, जाऊ द्या. आणि ऑफिस, शाळा-कॉलेज आधी सुरळीत व्हायला हवं, मग खेळ.

हेल्मेट घालावं का? लोक हसतील.

नवीन असाल, मुलं असतील, वय झालं असेल, तोल जात असेल, आधी कन्कशन झालं असेल, तर घालाच. सायकलचं किंवा हॉकीचं नीट बसणारं हेल्मेट चालतं, फक्त डोक्याची मागची बाजू झाकली जातेय ना हे बघा, कारण मार तिथेच बसतो, आणि सायकलची काही हेल्मेटं तिथे फार वर संपतात. कर्लिंगसाठी आतून पॅडिंग असलेल्या टोप्या आणि हेडबँडही मिळतात, ते बाहेरून साध्या टोपीसारखे दिसतात म्हणून लोक घालायला तयार होतात.

पण खरं ते सांगतो, कोणतंही हेल्मेट कन्कशन होणारच नाही अशी खात्री देत नाही. कवटीचं फ्रॅक्चर आणि खोक यापासून ते वाचवतं, मेंदूचा आतला हिसका पूर्ण थांबवत नाही. म्हणून हेल्मेट घालून पडलेल्यालाही वरचे सगळे नियम लागू. आणि जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका, तडा दिसत नसला तरी.

बूट आणि ग्रिपरबद्दल काय बघायचं?

माझ्या मते डोकं वाचवायचं खरं काम इथे होतं, डोक्यावर नाही, पायात. रस्त्यावरचे बूट, कितीही खोल नक्षी असली तरी, बर्फावर भरवशाचे नाहीत. ग्रिपरचं रबर जुनं झालं की कडक आणि गुळगुळीत होतं. नखाने दाबून बघा, दबलं आणि परत वर आलं तर ठीक, प्लॅस्टिकसारखं लागलं तर बदला. कडेने तुकडे सुटायला लागले तरी बदला, तुमचा ग्रिपर सुटतोच, आणि ते तुकडे बर्फावर पडून दुसऱ्याचा स्टोन अडकतो ते वेगळंच. ग्रिपर घालून पार्किंगमध्ये हिंडू नका, आणि बर्फावर जायच्या आधी तळवा पुसा.

नवीन माणसाला जाड आणि वेगवान स्लायडर देऊ नका, पातळ आणि हळू घसरणारा द्या. टाकून झालं की लगेच स्लायडरवर ग्रिपर चढवायचा आणि मगच उठायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. बुटावर चढवायचा सुटा स्लायडर असेल तर तो नीट बसलाय का बघा आणि टाकून झाल्यावर पायातून काढून हातात धरा, बर्फावर टाकून देऊ नका, त्यावर दुसरा कोणीतरी पाय देतोच. खाली सरपटणं जमत नसेल तर काठीने, म्हणजे डिलिव्हरी स्टिकने उभ्याने टाकता येतं, दोन्ही पायांत ग्रिपर ठेवून. त्यात कमीपणा काही नाही.

पडायचंच असेल तर कसं पडावं?

तोल जातोय वाटलं की गुडघे वाकवून खाली बसा, जितकं खाली तितकं डोकं बर्फाच्या जवळ आणि मार कमी. मागे जात असाल तर हनुवटी छातीला टेकवा, पाठ गोल करा, शक्य तर कुशीवर पडा. ब्रश सोडून द्या. हे वाचून येत नाही, घरी गादीवर पाच-दहा वेळा करून बघा, मानेला आपोआप सवय होते.

लहान मुलांसाठी वेगळं काही?

मुलांचा मेंदू वाढता असतो, बरं व्हायला वेळ जास्त लागू शकतो, आणि त्यांना काय होतंय ते नीट सांगता येत नाही. मूल गप्प झालं, उगाच किरकिर करायला लागलं, जेवेना, आवडता खेळ नको म्हणालं तर लक्ष द्या. हेल्मेट सगळ्यांना, अपवाद नको. बर्फावर पळायचं नाही आणि स्टोनवर बसायचं नाही, हे दर वेळी सांगायचं, मागच्या वेळी सांगितलंय म्हणून सोडायचं नाही. शाळेला कळवा, परत शाळेत जाणं हे परत खेळण्याच्या आधी येतं.

वय ७० आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. खेळू का?

खेळण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला, पण पडलात तर मात्र बोलायला थांबू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचं डोकं आपटलं तर काहीही वाटत नसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये दाखवायचं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, शिरा ताणल्या जातात, आणि कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत राहू शकतं, त्याची लक्षणं कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात. म्हणून पडल्यावर महिनाभरात चाल अडखळायला लागली, विसरणं वाढलं, डोकं सारखं दुखायला लागलं तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, पडल्याची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची चिठ्ठी किटबॅगेत ठेवा.

व्हीलचेअर कर्लिंगमध्येही धोका आहे का?

स्वीपिंग नसतं आणि काठीने टाकतात, त्यामुळे कमी, पण खुर्ची उलटू शकते. ब्रेक लावा, आणि टाकताना टीममेटने मागून खुर्ची धरायची ती धराच.

क्लबने काय करावं?

प्रत्येक सेशनला एक जण ठरवा ज्याचा शब्द शेवटचा, तो म्हणाला बाहेर तर बाहेर, स्किपही मध्ये बोलणार नाही. ब्लँकेट, प्रथमोपचाराची पेटी आणि अँब्युलन्सला सांगायचा पूर्ण पत्ता भिंतीवर, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या क्लबचा पत्ताही आठवत नाही. ओळखायचं कार्ड स्कोअरबोर्डशेजारी. आणि एक वही ठेवा, कोण पडलं, कधी, कुठल्या शीटवर, स्लायडर होता का, काय लक्षणं, घरी कोण घेऊन गेलं. वही ठेवायला लागल्यावर आमच्या लक्षात आलं की एकाच शीटच्या एकाच कोपऱ्यावर चार जण पडलेत, बघितलं तर तिथे पायपुसण्याची कड उचलली गेली होती आणि सगळे तिथून स्लायडरचा पाय आधी टाकत होते. नवीन पायपुसणं आणलं, शेजारी धरायला एक दांडा बसवला, आणि त्या कोपऱ्याची नोंद वहीत परत आली नाही.